तिरीप आणि कवडसा

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात असं: लिहिणाऱ्यांचं वय ५४, कराड भागात औषधांचं दुकान. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘बी’ ग्रेड मिळाली होती, त्यानंतर हातात ब्रश आला तो थेट गेल्या वर्षी. मोबाइलवर त्यांना विल्हेल्म हॅमरशॉई या डॅनिश चित्रकाराचं एक चित्र दिसलं. रिकामी खोली, खिडकी, शेजारी बंद दार, खिडकीतून तिरकं येणारं ऊन. दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्धं ओढून, मागच्या खोलीत बसून ते हेच चित्र तैलरंगात तिसऱ्यांदा करत आहेत. पहिलं कोळशासारखं काळं झालं. दुसऱ्याला काही महिन्यांत भेगा पडल्या. तिसऱ्यातला करडा ‘सिमेंटच्या गिलाव्यासारखा’ दिसतो आणि ‘ती मूळची उदासी काही केल्या येत नाही.’ शिवाय शटरखालून येणारं ऊन पॅलेटवर चमक मारतं, तो त्रास वेगळाच. रविवारच्या क्लासचे सर म्हणाले, ‘कॉप्या किती दिवस करणार?’ पत्नीनं मात्र दुसरं चित्र हॉलमध्ये लावलं. ते पाहून मेहुण्यानं विचारलं, ‘तुम्ही काढलंत?’ हे ‘हो’ म्हणाले आणि मूळ चित्र कोणाचं ते सांगायचं राहून गेलं. आता मेहुण्याला पुण्यातल्या नव्या फ्लॅटसाठी तसंच एक हवंय, पैसे देऊन. ‘मी खोटारडा ठरतो का? सगळं थांबवून आधी दोन वर्षं रीतसर कोर्स करू का? आणि त्या चित्रातले रंग नेमके कोणते, किती प्रमाणात मिसळायचे, तेवढं कृपया लिहून द्या.’

तुमच्या शेवटच्या वाक्याला मला हसू आलं, रागावू नका. आयुष्यभर चिठ्ठी वाचून औषध काढून देणारा माणूस चित्राचीही चिठ्ठी मागणारच. ती देते मी, पण आधी नाडी बघू द्या.

तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मी छापून टेबलावर एकाशेजारी एक ठेवले. रेखाटन चांगलं आहे, खरंच. खिडकीच्या चौकटी सरळ आहेत, दाराचं माप बरोबर आहे, जमीन कलंडलेली नाही. ‘बी’ ग्रेड देणाऱ्या परीक्षकांनी त्या दिवशी हात जरा आखडता घेतला असावा. चूक दुसरीकडे आहे आणि गंमत म्हणजे तिन्ही चित्रांत तीच आहे, फक्त दर वेळी वेगळा वेष घालून आली आहे.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. फटीतून हवेत उतरते ती तिरीप, आणि ती जमिनीवर टेकते तिथे पडतो तो कवडसा. कौलारू घरात लहानपण गेलेल्या कुणालाही हा फरक सांगावा लागत नाही. तिरीप हाताला लागत नाही, तिच्या पलीकडची भिंत दिसत राहते. कवडसा मात्र ठाम असतो, त्याला कडा असतात, मांजर त्याच्यात जाऊन झोपतं. तुम्ही या दोघांना एकाच ट्यूबमधला पांढरा लावलाय. त्यामुळे तिसऱ्या चित्रात खिडकीतून ऊन येत नाही, जुन्या थिएटरातला प्रोजेक्टर चालू झाल्यासारखं वाटतं. आणि त्या पांढऱ्याला तोल म्हणून बाकीची खोली तुम्ही काळी करत गेलात.

या चित्राचं नाव तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते, ठाऊक आहे ना? ‘सूर्यकिरणांत नाचणारे धूलिकण’. साल १९००. उंची ७० सेंटिमीटर, रुंदी ५९, म्हणजे फार मोठं नाही. कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात ते आहे. नावात खिडकी नाही, दार नाही, उदासी तर नाहीच नाही. धूळ आहे! या माणसानं खोली रंगवलेली नाही, खोलीतली हवा रंगवली आहे. तुम्ही तीन वेळा खिडकी आणि दार काढलंत, हवा काढायची राहिली.

एक प्रयोग करा, खर्च शून्य. औषधाच्या खोक्याचा करडा पुठ्ठा घ्या आणि पंचिंग मशीननं त्याला दोन भोकं पाडा. चित्राची चांगली छापील प्रत काढा. मोबाइल नको, कारण मोबाइलची काच मागून उजळलेली असते, तो उजेड रंगाच्या ट्यूबमधून येत नाही आणि आपण उगीच पांढरा ओतत बसतो. आता एक भोक तिरिपीवर आणि दुसरं तिच्या शेजारच्या भिंतीवर येईल असा पुठ्ठा धरा. दोन्ही भोकांतला फरक बघून तुम्हाला धक्का बसेल. इतका थोडा? हो, इतका थोडा. मग एक भोक कवडशावर न्या. डोळ्यांना लख्ख पांढरा वाटणारा तो तुकडा भोकातून मळकट पिवळसर करडा दिसेल. डोळे बारीक करून बघण्याची सवयही याच कामाची: बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे तुकडेच उरतात. चित्र त्या तुकड्यांचं असतं.

आता उदासीबद्दल. ती येत नाही असं तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय. मला शंका आहे की तुम्ही ती आणायचा प्रयत्न करताय म्हणूनच ती येत नाही. उदास चित्र म्हणजे काळोखी चित्र, हे आपण गृहीत धरलेलं असतं. हॅमरशॉईचा जन्म १८६४चा, मृत्यू १९१६चा. कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगेड या रस्त्यावरच्या ३० नंबरच्या घरात तो आणि त्याची पत्नी इडा १८९८ ते १९०९ अशी अकरा वर्षं राहिले आणि त्याच चार भिंती तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. हीच खिडकी त्यानं चांदण्यातही रंगवली आहे, ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुलाखतीत त्याला विषय कसा निवडता असं विचारलं, तेव्हा तो रेषांबद्दल बोलला आणि मग उजेडाबद्दल. रंगांविषयीचं त्याचं म्हणणं असं की ते जितके कमी तितका परिणाम चांगला. मनःस्थितीबद्दल चकार शब्द नाही. बघणाऱ्याला जे वाटतं ते जवळजवळच्या करड्यांतून तयार होतं. एका करड्याला लागून त्याच्याहून जेमतेम अर्धी पायरी वेगळा दुसरा करडा ठेवला की डोळा थबकतो, आवाज खाली आल्यासारखं होतं. तुमच्या चित्रात काळा आणि पांढरा समोरासमोर उभे आहेत. ते भांडण आहे, शांतता कुठून येणार?

तैलरंगच आपल्याला वश होत नाही असं वाटत असेल, तर ती माध्यमाची भीतीही जरा बाजूला ठेवा. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. चेहऱ्यावर चढलेला तो उजेड बघून भलेभले त्याला तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे.

तुमच्या तीन चित्रांच्या तक्रारींना आता एकेक करून हात घालते, कारण नेमक्या याच तक्रारी मला इतरही वाचकांकडून येतात. पहिलं काळं झालं, त्याचं कारण वर आलंच. त्यातला काळा काही ठिकाणी चमकतो आणि काही ठिकाणी राखेसारखा मेलेला दिसतो, तो मात्र रंगाचा दोष नाही. खालच्या थरानं वरच्या थरातलं तेल शोषून घेतलंय. चित्र पूर्ण वाळलं असेल तर चित्रकलेसाठी शुद्ध केलेलं जवसाचं तेल अगदी थोडं, कापडाच्या बोळ्यानं पसरवा आणि लगेच पुसून काढा. मेलेला काळा उठून बसेल. चटणीच्या जवसाचं घाण्यावरचं तेल त्यासाठी वापरू नका, मोह होईल.

दुसऱ्याच्या भेगा. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही, तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो घट्ट होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. अंबर या तपकिरी मातकट रंगात मँगॅनीज असतं, त्यामुळे तो पटकन वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रेंगाळतो. पावसाळ्यात सगळेच रेंगाळतात. तुम्ही आयव्हरी ब्लॅकचा जाड, तेलकट थर दिला आणि तो आतून ओला असतानाच वर लवकर वाळणारा पातळ थर चढवला. खालचं हलत राहिलं, वरचं तडकलं. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम चित्रकारांनी शतकानुशतकं पाळला तो याचसाठी.

तिसऱ्यातलं सिमेंट माझं आवडतं प्रकरण आहे, कारण संशय काळ्यावर जातो आणि गुन्हेगार पांढरा असतो. तुमच्या ट्यूबवर ‘टायटेनियम व्हाइट’ लिहिलेलं असेल. म्हणजे टायटेनियम डायऑक्साइड, औषधाच्या कितीतरी गोळ्यांवरच्या लेपात असतो तोच. हा रंग चित्रकारांच्या बाजारात आला १९२०च्या सुमारास, हॅमरशॉई गेल्यानंतर. त्याच्या काळात तैलचित्रातला मुख्य पांढरा म्हणजे लेड व्हाइट, शिशापासून केलेला. तो उबदार असतो, थोडा पारदर्शक असतो, दुसऱ्या रंगात नम्रपणे मिसळतो. टायटेनियम थंड आणि दांडगा, ज्यात पडेल त्याला खडूसारखं करून टाकतो. काळ्याबरोबर तो निळसर करडा देतो. तुमच्या भिंतीला गिलाव्याची कळा आली ती यामुळे. लेड व्हाइटच्या मागे मात्र लागू नका, तो विषारी आहे. टायटेनियमलाच वेसण घालू.

तर ही तुमची चिठ्ठी. रंग चारच: आयव्हरी ब्लॅक, रॉ अंबर, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, आणि टायटेनियम व्हाइट. कॅनव्हास बोर्ड १२ बाय ९ इंचांचा, मोठा नको. अख्ख्या बोर्डावर रॉ अंबर ताठ केसांच्या ब्रशनं अगदी पातळ घासा आणि जुन्या बनियनच्या कापडानं पुसून घ्या. फिकट चहाच्या डागासारखा रंग उरला की पुरे. तो दोन-तीन दिवसांत वाळेल. मग काचेवर करड्याच्या पाच ढिगल्या करा, गडदापासून फिकटापर्यंत, आणि प्रत्येकीत पांढऱ्याची थंडी मोडायला चिमूटभर अंबर घाला. त्यांच्या जोडीला अंबर न घातलेल्या दोन ढिगल्या ठेवा, त्या आपोआप निळ्या वाटतील. खोलीचे मोठे तुकडे या सात ढिगल्यांतून भरा. तिरीप या फेरीत काढायचीच नाही, ती नाहीच असं समजा. हे सगळं वाळू द्या, पंधरा दिवस लागले तर लागू द्या. मग पांढऱ्यात थोडा ऑकर आणि किंचित अंबर मिसळा, ताठ ब्रशवर घ्या, जवळजवळ सगळा कापडाला पुसून टाका, आणि जे काही उरलं असेल त्यानं वाळलेल्या भिंतीवर तिरिपीच्या दिशेनं घासा. लगेच बोटानं कडा मोडा. भिंत त्यातून दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर कापडानं पुसा आणि पुन्हा घासा, खालचा थर वाळलेला असल्यामुळे पुसण्याची सोय राहते. कवडसा शेवटी, थोड्या जाड रंगात, दोन-तीन फटकाऱ्यांत.

प्रमाणं दिली नाहीत, बघा. देता येत नाहीत. तुमच्या छापील प्रतीतला करडा आणि माझ्या प्रतीतला करडा एक नसतो, आणि शेजारचा रंग बदलला की तोच करडा बदलतो. पुठ्ठ्याची भोकं हेच तुमचं मापटं.

एक गोष्ट जरा दटावून सांगते. मागची खोली म्हणजे औषधांची खोकी, स्पिरिट आणि अर्धवट बंद शटर, आणि त्यातच तुम्ही रंग पातळ करायचं, चटकन पेट घेणारं टर्पेंटाईन उघडं ठेवता? ते काढून टाका. या आकाराच्या चित्राला त्याची गरजही नाही. वर सांगितलेला पहिला थर घासून पुसायचाच आहे, तो टर्पेंटाईनशिवाय होतो. ब्रश करडईच्या तेलात खळबळून पुसायचे आणि मग साबणानं धुवायचे, तेल राहू द्यायचं नाही. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून टोपलीत तर कधीच टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपणहून पेटू शकतं. कागदी खोक्यांच्या शेजारी याचा काय अर्थ होतो ते मी सांगायला नको. फडकं मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

आता सरांचा टोमणा आणि मेहुण्याची ऑर्डर. सरांचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्यामागे कॉपी म्हणजे कमअस्सल काम असा एक ग्रह आहे आणि तुम्हीही तो मुकाट्यानं मान्य केलाय. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, ते काम १८८५ पर्यंत चाललं. त्या मंडळींत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे पारशी घरांतली माणसं त्यांनी तैलरंगात ज्या मायेनं रंगवली, ती अजिंठ्याची नक्कल नाही, पण तो हात अजिंठ्याच्या लेण्यात वर्षानुवर्षं बसून तयार झाला होता. खुद्द हॅमरशॉई १८९१ मध्ये लग्नानंतर पॅरिसला गेला, तेव्हा लूव्ह्र संग्रहालयातल्या एका ग्रीक शिल्पपट्टावरून त्यानं चित्र रंगवलं. मधुचंद्राला जाऊन! इडाबाईंचं त्यावर काय मत होतं कोण जाणे.

लूव्ह्रमध्ये आजही परवाना घेऊन कॉपी करता येते. दोन अटी अशा की प्रतिकृती मूळ चित्राच्या आकाराची असता कामा नये आणि मूळ चित्रकाराची सही त्यात उतरवायची नाही. मला या अटी फार शहाण्या वाटतात. कॉपीला मनाई नाही, ती मूळ म्हणून खपवायला आहे. तुमचं ‘हो’ खोटं नव्हतं, काढलंत तुम्हीच. अर्धं होतं. उरलेलं अर्धं एका फोनचं काम आहे: ‘अरे, ते डॅनिश चित्रकाराच्या चित्रावरून केलंय, मी शिकतोय.’ मेहुणा आहे, चिडवेल, चार लग्नांत पुरवून पुरवून सांगेल. सोसा. आणि प्रत्येक कॉपीच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहून ठेवा, ‘हॅमरशॉई यांच्या १९००च्या चित्रावरून’, खाली तुमचं नाव आणि तारीख.

ऑर्डर घ्यावी का? कायद्याची अडचण नाही, चित्रकाराला जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. तरी मी सध्या नको म्हणेन, आणि त्यात नैतिकतेचा भाग कमी आहे. पैसे घेतले की तुम्ही प्रिंटशी जुळवत बसाल, चुकायला घाबराल, आणि पुसून पुन्हा करण्याची जी मुभा आत्ता आहे ती जाईल. त्यात ज्या चित्राला भेगा पडतात त्याचा भाऊबंद पुण्याला पाठवणं म्हणजे पुढच्या दिवाळीची भांडणं आत्ताच बुक करणं. वर्षभरानं भेगा न पडलेलं एक चित्र हाती असेल तेव्हा बघा.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. आठवड्यातून एकदा कुणी जाणकार तुमच्या चित्रासमोर उभा राहणार असेल तर क्लास चालू ठेवा, सरांशी भांडू नका. दुकान बंद करून दोन वर्षं शिकायला जाणं मला अनावश्यक वाटतं. त्याऐवजी एक दिवस औंधला जा, पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. कराडहून लांब नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रं आहेत, आणि पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत, म्हणजे सरांना उत्तर द्यायची सोय झाली. तुम्ही आजवर तैलचित्र बहुधा मोबाइलवरच बघितलंय. तिथे चित्रासमोर नका उभे राहू, बाजूला सरका, इतके की पृष्ठभागावर उजेड घसरताना दिसेल. अंधाराचे भाग किती पातळ असतात आणि जाड रंग कुठे कुठे राखून वापरलेला असतो, ते बघा. एवढं बघायला अर्धा दिवस पुरतो.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत आणि मी तीनदा वाचलं. दुपारी दोन ते चार, शटर अर्धं ओढलेलं, खालून ऊन येतं आणि पॅलेटवर चमक मारतं.

अहो, तीन वेळा कोपनहेगनची खोली काढलीत आणि त्या सगळ्या दुपारी ते ऊन तुमच्या पायाशी येऊन बसत होतं! मागच्या खोलीच्या दारातून पुढचं दुकान कसं दिसतं हो? काउंटरची पाठ, वरपर्यंत गेलेले खण, बंद पंखा, आणि जमिनीलगत तो एक आडवा पट्टा. गिऱ्हाईक नाही. कॉपीतून शिकलेला पुठ्ठा आणि सात ढिगल्या इथे घेऊन बसा. हॅमरशॉई सोडायचा नाही, एक आठवडा त्याचा, एक आठवडा दुकानाचा, असं करून बघा. त्याच्या चित्रात अडलेलं तुमच्या दुकानात सुटेल, आणि उलटंही होईल.

सुरुवातीला फक्त काळा-पांढरा-अंबर, वहीच्या पानाएवढ्या बोर्डावर. खणातली औषधं एकेक करून काढू नका, डोळे बारीक केल्यावर दिसतील तेवढेच ठोकळे. बसायची जागा बदलू नका. ऊन एका जागी थांबत नाही, त्यामुळे रोज चाळीस मिनिटांच्या वर काम करायचं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. आणि शटर रोज नेमकं तेवढंच खाली यायला हवं, म्हणून एकदा पट्टा मनासारखा पडला की शटरच्या बाजूच्या पट्टीवर खडूनं खूण करून ठेवा. दुकानात कामाला मुलगा असेल तर त्याला सांगून ठेवा, नाहीतर तो ती पुसून टाकेल.